७५ टक्के हजेरी आणि ५० मिनिटांचा तास: ग्रामीण विदर्भातील अभियांत्रिकी प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, विभागप्रमुख आणि संस्थाचालक,
ग्रामीण विदर्भातील अभियांत्रिकी महाविद्यालये

विषय: विद्यार्थ्यांना तासात कामाला लावण्याबाबत, आणि त्यासाठी तुमच्याकडून हव्या असलेल्या काही गोष्टींबाबत.

महोदय,

सेमिस्टर सुरू झालं की पहिली बैठक हजेरीवर होते. बायोमेट्रिक, डिफॉल्टर लिस्ट, पालकांना फोन, ७५ टक्क्यांची नोटीस. याने पोरं वर्गात येतात हे खरं. पण येऊन करतात काय? सर फळ्यावर लिहितात, पोरं वहीत उतरवतात, मागच्या तीन बाकांवर मोबाइल चालतो, आणि विंटर परीक्षेचा निकाल लागला की मॅथ्स आणि मेकॅनिक्सच्या बॅक (नापास होऊन राहिलेले विषय) मोजायला पुन्हा बैठक. आमच्या मते हा शिस्तीचा प्रश्न नाही, तासाच्या बांधणीचा आहे. ५० मिनिटांपैकी किमान २० मिनिटं पोरांच्या हाताला आणि डोक्याला काम असेल असा तास बांधता येतो. त्याला स्मार्ट बोर्ड लागत नाही. शिक्षकाला थोडा वेळ आणि बरीच मोकळीक लागते, आणि ती तुमच्या सहीशिवाय मिळत नाही. म्हणून हे पत्र शिक्षकांना नाही, तुम्हाला.

याला आधार आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास झाले होते, विद्यार्थ्यांना तासातच काम देणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. बहुतेक वर्ग परदेशातले, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्या निकालावर चिकटवू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.

आता प्रत्यक्ष एक तास घेऊ. विषय इलेक्ट्रिकलचा, घटक पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण व्होल्ट-अँपिअरपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा). नेहमीची पद्धत म्हणजे फेजर डायग्राम, सूत्र, एक गणित, संपलं. त्याऐवजी पंधरा मिनिटं शिकवून झालं की फळ्यावर हा प्रश्न लिहा:

शेतातल्या ५ एचपीच्या थ्री-फेज मोटारीच्या टर्मिनलला योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडला. व्होल्टेज तेवढंच आहे असं धरा. काय होईल?
अ) मोटारीच्या वाइंडिंगमधला करंट कमी होईल.
ब) डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) कपॅसिटरपर्यंतच्या केबलमधला करंट कमी होईल.
क) दोन्ही करंट कमी होतील.
ड) मोटार जवळपास निम्मे युनिट घेईल.

पहिली दीड-दोन मिनिटं पूर्ण शांतता. प्रत्येकाने स्वतःचं उत्तर वहीच्या समासात लिहायचं, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. मग एकाच वेळी सगळ्यांनी उत्तर दाखवायचं. यासाठी जाड कागदाचं ए-४ पान चार भागांत विभागून प्रत्येक भागात अ, ब, क, ड मोठ्या अक्षरात लिहायचं आणि घडी घालून हवं ते अक्षर पुढे करून छातीशी धरायचं. हात वर करायला सांगू नका. हात वर केले की सगळे आधी टॉपरकडे बघतात आणि मग हात उचलतात, तुम्हाला वर्गाचं नाही, टॉपरचं उत्तर कळतं.

ही अक्षरांची पानं, म्हणजे पत्ते, पाहून अंदाज घ्या. बरोबर उत्तर ३० टक्क्यांहून कमी पोरांचं असेल तर चर्चा लावण्यात अर्थ नाही, कारण चुकीची समजूतच पसरेल. पुन्हा समजावून सांगा. ७० टक्क्यांच्या वर असेल तर अर्ध्या मिनिटात कारण सांगून पुढे जा. मधल्या पट्ट्यात असेल तर खरी मजा. 'ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे त्याला पटवा' म्हणून तीन मिनिटं द्या आणि पुन्हा पत्ते मागा. ही पद्धत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवली. नुकतीच गोष्ट समजलेला पोरगा न समजलेल्याला ती शिक्षकापेक्षा चांगली सांगतो, कारण आपण कुठे अडलो होतो ते त्याला अजून आठवत असतं.

या प्रश्नात 'क' ला भरपूर मतं पडतात आणि 'ड' लाही पडतात, कारण गावात कपॅसिटर विकणारा तेच सांगतो. बरोबर उत्तर 'ब'. चर्चेनंतर आकडे मांडा. ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटारीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ती ४.३९ किलोवॅट घेते. ४१५ व्होल्टला, ०.८ पॉवर फॅक्टरला करंट ७.६ अँपिअर. २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) कपॅसिटर जोडला की पॉवर फॅक्टर ०.९६ च्या आसपास जातो आणि केबलमधला करंट ६.४ अँपिअरवर येतो. वाइंडिंगमधून मात्र अजूनही ७.६ च वाहतो. युनिटमध्ये फरक पडला तर केबलमधला व्यय कमी झाल्याइतकाच.

इथे थांबू नका, यालाच जोडून दुसरा प्रश्न टाका: कपॅसिटर ओव्हरलोड रिलेच्या (करंट जास्त झाला की मोटार बंद करणाऱ्या) पुढे, मोटारीच्या बाजूला जोडला तर रिलेचं सेटिंग तसंच ठेवायचं का? नाही. रिलेला आता ६.४ दिसतात. सेटिंग जुनंच ठेवलं तर वाइंडिंग तापली तरी रिले उशिरा पडेल. हे ज्याला कळलं त्याला पॉवर फॅक्टर कळला. आणि एखादा मागच्या बाकावरून विचारेलच, 'सर, आमच्याकडे कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार चालवतात, ते?' या प्रश्नाची तयारी करून जा. ते काम वेगळं आहे. तिथे कपॅसिटर तिसरा फेज उसना उभा करतो, तिन्ही वाइंडिंगमधले करंट सारखे राहत नाहीत, एक जास्त तापते, आणि रिवाइंडिंगचं बिल येतं. हा प्रश्न पुस्तकात नाही, पण वर्गातल्या निम्म्या घरांत आहे.

यात बिघडतं ते बहुतेक प्रश्नात. सूत्रात आकडे घालून उत्तर निघत असेल तर चर्चा होत नाही, पोरं फक्त कॅल्क्युलेटर दाबतात. चुकीचे पर्याय पोरांच्या खऱ्या चुकांमधून यायला हवेत. ते शोधायचं ठिकाण म्हणजे मागच्या सेशनलचे (महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेचे) पेपर, चहा पिता पिता बसून केलेल्या कल्पना नव्हेत. दुसरी गडबड म्हणजे पहिल्या मतदानानंतर शिक्षक 'ब ला कमी मतं पडली' असं बोलून जातो. पोरं चाणाक्ष असतात, चर्चा तिथेच संपते. तिसरी बाकांची. मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला, मित्र मित्राशेजारी, आणि दोघांचं उत्तर एकच. म्हणून पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळायचं, हा नियम पहिल्या आठवड्यातच लावावा. चर्चा मराठीत, वऱ्हाडीत, हिंदीत, कशातही होऊ द्या. संज्ञा इंग्रजीच ठेवा आणि शेवटी दोन ओळी इंग्रजीत लिहून घ्या, कारण पेपर इंग्रजीत आहे. इंग्रजीत चर्चा करायला लावली की निम्मा वर्ग गप्प होतो, आणि ती शांतता शिस्तीची असते असं समजण्याची चूक आपण फार वर्षं करत आलो आहोत.

एका तासात असे दोन प्रश्न पुरेत. तीन झाले की सिलॅबस मागे पडतो. आणि हो, सिलॅबस थोडा मागे पडतोच. याचा हिशोब आधीच करा: प्रत्येक युनिटमधला वाचून समजेल असा भाग, व्याख्या, वर्गीकरण, फायदे-तोटे, घरी वाचायला देऊन टाका आणि त्यावर तासाच्या सुरुवातीला दोन प्रश्न विचारा. फायदे-तोट्यांचे दहा मुद्दे फळ्यावर लिहून देण्यात जाणारा वेळ हा आपल्या महाविद्यालयांतला सर्वांत महाग वेळ आहे. त्यामुळे विभागप्रमुखांनो, दर पंधरवड्याला 'किती टक्के सिलॅबस पूर्ण' हा तक्ता मागताना त्यात 'घरी वाचायला दिलेला भाग' असा एक रकाना वाढवा. नाहीतर तक्ता भरण्यासाठी शिक्षक पुन्हा डिक्टेशनवर येईल.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो हे कधी घड्याळ लावून पाहिलंय? अमेरिकेत शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजलं तेव्हा सरासरी सेकंदभर. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारेही बोलतात. आपल्याकडे इंग्रजीतला प्रश्न मनात उलगडायलाच तीन सेकंद जातात, तेव्हा दहा मोजा. 'समजलं का?' हा प्रश्न मात्र बंदच करा. त्याला 'हो सर' याखेरीज उत्तर नसतं.

गणिताच्या विषयांत, मेकॅनिक्स असो की स्ट्रेंथ ऑफ मटेरियल, दुसरी युक्ती चांगली चालते. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवून द्या. दुसऱ्यात शेवटच्या दोन पायऱ्या कोऱ्या ठेवा. तिसऱ्यात फक्त आकृती आणि पहिलं समीकरण. चौथं पूर्ण त्यांचं. एकदम चौथ्यावर सोडलं की पोरं फळ्याकडे बघत बसतात. मधूनमधून चुकवून सोडवलेलं उदाहरण द्या आणि चूक शोधायला लावा. ६ मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम, डाव्या टेकूपासून २ मीटरवर २० किलोन्यूटनचा भार. डावीकडची प्रतिक्रिया २० गुणिले २ भागिले ६, म्हणजे ६.६७, अशी लिहून द्या. भार डाव्या टेकूच्या जवळ आहे, मग डावा टेकू कमी वजन कसं उचलेल? हे ज्याला खटकतं त्याला पुढे १३.३३ किलोन्यूटनची प्रतिक्रिया आणि २६.६७ किलोन्यूटन-मीटरचा बेंडिंग मोमेंट काढता येतोच. ज्याला खटकत नाही तो सूत्र पाठ करून आलाय. असं चुकीचं गणित छापील कागदावर द्यावं, फळ्यावर लिहू नये. फळ्यावर लिहिलं की तीस वह्यांत तेच बरोबर म्हणून उतरतं.

प्रॅक्टिकलबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे सर्वांत मोठी गळती तिथे आहे. २० जणांची बॅच, एक यंत्र, पुढे पाच जण, मागे पंधरा जण भिंतीला टेकून. रीडिंग एकाचं, वही वीस जणांची. मग फाइल: थिअरी, प्रोसिजर, प्रिकॉशन, सीनियरच्या फाइलमधून जशीच्या तशी, पेन्सिलीच्या आकृतीसकट. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलवर रात्रभर जे चालतं त्याला आपण टर्मवर्क म्हणतो आणि त्याला गुण देतो.

दोन तासांत चार स्टेशन लावा, पाच-पाच जणांचा गट, प्रत्येकी २५ मिनिटं. एका स्टेशनवर यंत्र. दुसऱ्यावर मागच्या बॅचची रीडिंग देऊन आलेख. तिसऱ्यावर उपकरणाचा सुटा भाग हातात घेऊन ओळखणं. चौथ्यावर शिक्षक स्वतः, तोंडी प्रश्नांना. यंत्रावर प्रत्येक गटाला वेगळी किंमत द्या, म्हणजे नक्कल करायला काही उरत नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्ही-नॉचला (पाण्याचा प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच) एका गटाला ६० मिलिमीटर हेड, म्हणजे खाचेच्या तळापासून पाण्याची उंची, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला १००, चौथ्याला १२०. यंत्र सुरू करण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर अंदाज लिहायचा: हेड दुप्पट झालं तर डिस्चार्ज (सेकंदाला वाहणारं पाणी) किती पट? बहुतेक जण दुप्पट लिहितात. ते हेडच्या अडीच घाताने वाढतं, म्हणजे साडेपाच पटीहून जास्त. स्वतः लिहिलेला अंदाज खोटा ठरला की सूत्र लक्षात राहतं. आणि हेच सूत्र चुकांचा हिशोबही शिकवतं. हुक गेजचं (पाण्याची उंची मोजणाऱ्या आकड्याचं) नॉचच्या तळाचं रीडिंग घ्यायला विसरलं किंवा पाणी स्थिर होण्याआधी रीडिंग घेतलं, १०० मिलिमीटरच्या जागी १०५ वाचलं, तर हेडमध्ये चूक ५ टक्के आणि डिस्चार्जमध्ये १३ टक्के. 'प्रिकॉशन' या मथळ्याखाली ह्यूमन एरर लिहिणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

फाइलसाठी आमची मागणी सरळ आहे. छापील थिअरी महाविद्यालयाने द्यावी किंवा देऊच नये, पण पोरांकडून ती उतरवून घेणं बंद करावं. प्रत्येक प्रयोगाला दोन पानं: आधीचा अंदाज, स्वतःच्या गटाची पेनाने लिहिलेली रीडिंग, एक आलेख, चूक कुठून येऊ शकते त्याच्या दोन ओळी आणि एक प्रश्न. रीडिंगवर शिक्षकाची सही प्रयोगशाळा सोडण्याआधी, त्याच दिवशी. युनिव्हर्सिटीचा एक्स्टर्नल परीक्षक जाड फाइल मागतो ही भीती सगळ्यांना आहे. प्राचार्यांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र फाइलला लावलं तर तो प्रश्न शिक्षकाच्या अंगावर येणार नाही.

सिव्हिलला तर आपल्या भागाने प्रयोगशाळाच दिलेली आहे. यवतमाळ, अकोला, अमरावतीची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा देते आणि पावसाळ्यात घराच्या भिंती तडकवते. पहिल्या सॉइल मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाने आपल्या शेतातली किलोभर माती आणावी. फ्री स्वेल इंडेक्सच्या (माती पाण्यात किती फुगते ते सांगणाऱ्या) चाचणीला ओव्हनमध्ये वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम माती लागते, असे दोन भाग. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्या, एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत केरोसीन. हवेचे बुडबुडे काचेच्या कांडीने हलवून काढायचे, २४ तास ठेवायचं. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. पाण्यात २२ मिलिलिटर आणि केरोसीनमध्ये १२ मिलिलिटर आली तर फरक १०, भागिले १२, म्हणजे ८३ टक्के. गडचिरोली-गोंदियाकडच्या पोराने लाल माती आणली असेल तर आकडा बराच खाली येतो, आणि वर्गात आपोआप वाद सुरू होतो. माती नीट वाळली नसेल किंवा बुडबुडे राहिले तर आकडा गंडतो, तेही शिकायचंच आहे. वर्गाच्या भिंतीवर तालुक्यांचा नकाशा लावून प्रत्येक आकडा त्यावर टाचा. दोन बॅच झाल्या की महाविद्यालयाकडे स्वतःचा नकाशा तयार होतो.

अशाच कामाला उन्नत महाराष्ट्र अभियानात (महाविद्यालयांना स्थानिक प्रश्नांशी जोडणारी राज्य सरकारची योजना) जागा आहे, पण आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजूनही नागपूरहून रेडीमेड येतो. त्यापेक्षा मोजमापाचा प्रोजेक्ट द्या. भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावाच्या (मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळातल्या जुन्या तलावाच्या) पाटात पाणी किती वाहतं? सरळ १० मीटरचा पट्टा, दोन्ही टोकांना दोरी, आणि तरंगायला संत्रं. संत्रं बरंचसं बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. लाकडाचा ढलपा किंवा थर्माकोल वाऱ्याने पळतो आणि वेग फुगतो. पाच वेळा सोडायचं, काठाला अडकलेली वेळ टाकून द्यायची. २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी हळू चालतं म्हणून ०.८५ ने गुणायचं, ०.३४. पाट १.२ मीटर रुंद आणि सरासरी ०.३ मीटर खोल असेल तर सेकंदाला साधारण १२२ लिटर. हेच पाटाच्या मुखाशी आणि शेवटच्या शेताजवळ मोजलं की मधल्या गळतीचा आकडा हातात येतो. पाणीवाटप संस्थेला हा आकडा हवा असतो, लाइन-फॉलोअर रोबोट नको असतो.

कॉम्प्युटर शाखांचं दुखणं वेगळं. दोन जणांत एक पीसी, त्यात वीज गेली की यूपीएस दहा मिनिटांत मान टाकतो. पण प्रोग्रामिंग शिकवायला प्रत्येक मिनिटाला पीसी लागतोच असं नाही. दहा आकड्यांतून सर्वांत मोठा शोधणाऱ्या प्रोग्रामच्या ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर छापा, दोन चुकीच्या पट्ट्या मिसळा, क्रम लावायला द्या. मग कागदावर तक्ता आखून प्रत्येक फेरीला मॅक्स (आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा) आणि आय (कितवी फेरी) यांच्या किमती भरायला लावा. 'मॅक्स बरोबर शून्य' ही पट्टी बहुतेक जण आनंदाने वर लावतात. सगळे आकडे उणे असतील तर काय येईल, एवढंच विचारा. पीसीसमोर बसले की एक जण टाइप करेल, दुसरा फक्त बोलेल, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. न बदलता ठेवलं तर वर्षाअखेर निम्म्या वर्गाने कीबोर्डला हात लावलेला नसतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सी, पायथनसारख्या विषयांचे मराठी आवाजातले पाठ आहेत. ते डाउनलोड करून लॅबच्या सर्व्हरवर ठेवा, म्हणजे नेटवर भिस्त राहणार नाही.

टाइमटेबल ठरवताना घड्याळाबरोबर पंचांगही बघावं. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आगेमागे, कापसाची वेचणी त्यानंतर, धानपट्ट्यात जुलै-ऑगस्टला रोवणी आणि नोव्हेंबरला कापणी. त्या आठवड्यांत पोरं घरी जाणार, मजुरी महाग आहे. नोटीस काढून ते थांबत नाही. त्या आठवड्यात सेशनल लावू नका, नवीन युनिट सुरू करू नका, उजळणी आणि सोडवून घेण्याचं काम ठेवा. पहिल्या तासाला एसटी उशिरा येते हे माहीत असूनही तिथेच मॅथ्स टाकलं जातं. तिथे ट्युटोरियल टाका. एप्रिलमध्ये दुपारी दोनला पत्र्याखालच्या वर्कशॉपमध्ये कोणीही शिकत नाही. प्रॅक्टिकल सकाळी न्या.

तासाची पहिली पाच मिनिटं मागच्या तासावरचे दोन प्रश्न, वही बंद, गुण नाहीत. एक प्रश्न मागच्या तासाचा, एक तीन आठवड्यांपूर्वीचा. आठवून लिहिणं हे पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलं. याला गुण लावले की कॉपी सुरू होते, म्हणून लावू नका.

सेशनलचा पेपर बदलल्याशिवाय यातलं काहीही टिकणार नाही. एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या) कागदांत कोर्स आउटकम, ब्लूमचे स्तर (प्रश्न किती खोल विचार मागतो त्याच्या पायऱ्या), अटेनमेंटची एक्सेल शीट सगळं चोख भरलेलं असतं, आणि पेपरात मात्र 'एक्सप्लेन विथ नीट डायग्राम'. पोरं पेपर बघून अभ्यास ठरवतात, शीट बघून नाही. ३० गुणांच्या पेपरात ८ ते १० गुणांचा एक तरी प्रश्न असा असावा जो वर्गात जसाच्या तसा झालेला नाही, कपॅसिटर-रिलेसारखा. पहिल्यांदा सरासरी कोसळेल. तेव्हा विभागप्रमुखांनी 'पेपर कठीण काढला' म्हणून शिक्षकाला जाब विचारू नये. उलट, तशा प्रश्नाची दोन नमुना उत्तरं, एक चांगलं आणि एक जेमतेम, पेपर तपासून झाल्यावर वर्गात वाटावीत.

आणि विद्यार्थी तक्रार करतील, हे आधीच सांगून ठेवतो. 'सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात', 'नोट्स देत नाहीत'. हार्वर्डमध्ये लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच तपासलं. ज्यांना तासात काम करायला लावलं ते चाचणीत जास्त शिकलेले दिसले, पण स्वतःला विचारलं तर आपण कमी शिकलो असं म्हणाले. सुरेख व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः अडखळताना काहीच समजलं नाही असं वाटतं. म्हणून पहिल्याच तासाला शिक्षकाने ही गोष्ट पोरांना आकड्यांसह सांगावी. तुम्ही मात्र फीडबॅक फॉर्मवरून त्या शिक्षकाची वेतनवाढ त्या सेमिस्टरला अडवू नका. कंत्राटी शिक्षक हे पत्र वाचून मान डोलावेल आणि उद्या पुन्हा डिक्टेशन देईल, कारण त्याची नेमणूक त्या फॉर्मवर लटकलेली असते.

खर्च किती? ६० जणांच्या वर्गाला आठवड्याला एक पान धरलं तर सेमिस्टरला विषयामागे साधारण हजार झेरॉक्स. ही रक्कम शिक्षकाच्या खिशातून जाऊ नये, एवढं एक परिपत्रक काढा. दुसरं, आठवड्यातला एक जोडतास, १०० मिनिटांचा, मॅथ्स आणि मेकॅनिक्सला. तिसरं, प्रश्न तयार करायला प्रत्येक शिक्षकाचा आठवड्याला एक तास लोडमधून कमी. एका विषयाचे चाळीस चांगले प्रश्न दोन सेमिस्टरमध्ये जमतात आणि मग ते विभागाचे होतात, माणूस बदली झाला तरी राहतात.

सगळ्या विषयांत एकदम नको. येत्या सेमिस्टरला सर्वांत जास्त बॅक असलेले दोन विषय निवडा, तयार असलेलेच शिक्षक घ्या, आणि मागच्या तीन सेमिस्टरचा त्या विषयांचा निकाल बाजूला काढून ठेवा म्हणजे नंतर तुलना करता येईल. टाइमटेबलची बैठक साधारण सेमिस्टर सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी होते. जोडतास, सेशनलच्या तारखा आणि फाइलचा नमुना या तीन गोष्टी त्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, ही विनंती.

आपले,
ग्रामीण विदर्भातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवणारे काही शिक्षक